दांडीच्या टोकावरचं कुंकू

तराजू मी पुसला होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, चौकशीला आलेल्या पोलीस अधिकाऱ्याला नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या काकांनाही नाही. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवला, त्यांच्याच गराजमध्ये भर दुपारी उभं राहून तराजूची दांडी स्वच्छ केली आणि लाल झालेला बोळा कोटाच्या खिशात घालून घरी आलो. खिशाच्या अस्तराला अजून डाग आहे. तो कोट मी टाकूनही देत नाही आणि घालतही नाही.

काका माझ्या नात्यातले नाहीत. मी साउथहॅम्प्टनला भूलतज्ज्ञ म्हणून नोकरीला लागलो तेव्हा ते तिथे हाडांचे सर्जन होते, निवृत्तीला टेकलेले. पहिल्याच दिवशी ऑपरेशन चालू असताना मास्कच्या आडून त्यांनी मराठीत विचारलं, "पेशंट झोपलाय ना रे? की तूच झोपलायस?" नर्सना काही कळलं नाही. मी मात्र कितीतरी महिन्यांनी कुणीतरी आपल्या भाषेत टोमणा मारला म्हणून दिवसभर खुशीत होतो. पुढे ते तसंच चालू राहिलं. त्यांच्या लेखी आम्ही भूलवाले म्हणजे थेंब मोजत बसणारे लोक. मी त्यांना सुतार म्हणायचो, अर्थात तोंडावर नाही, काकूंकडे.

नेमबाजीचा नाद त्यांना कॉलेजात एनसीसीमध्ये लागला होता. इथे आल्यावर गुडघा बदलून घेतलेल्या एका पेशंटनं त्यांना आपल्या क्लबात नेलं, आणि बऱ्याच वर्षांनी त्यांनी मला नेलं. शहराबाहेर जुन्या चुनखडीच्या खाणीत आमची रेंज होती. या देशात साधी पिस्तुलं बाळगायला बंदी आहे, त्यामुळे काकांचं रिव्हॉल्व्हर कायद्यात बसेल असं लांबलचक होतं: पुढे हातभर नळी आणि मागे मुठीतून बाहेर आलेली एक सळई. काकू त्याला कुबडी म्हणायच्या. त्याचं काडतूस मात्र खरं जोरकस होतं, साध्या काडतुसापेक्षा बऱ्याच जास्त दाबाचं, आणि तसली तयार काडतुसं आमच्याकडे सहज मिळत नसत. म्हणून आम्ही ती घरी भरायचो. उडवलेली पितळी पुंगळी पुसायची, तिच्या बुडाला ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, आत तोलून पावडर घालायची, वर गोळी दाबायची. काम कंटाळवाणं आहे असं लोकांना वाटतं. मला ते आवडायचं. हॉस्पिटलात माझ्या मागे सतत कुणीतरी घाईला आलेलं असायचं. त्या गराजमध्ये कुणीच घाईला आलेलं नसायचं.

सगळं सुरू झालं ते पावडरीपासून. काका वर्षानुवर्षं जी वापरत होते ती या देशात यायचीच बंद झाली. दुकानदारानं दोन वेगळे डबे सुचवले आणि निवड आमच्यावर सोपवली.

एक होती सावकाश जळणारी. ती पुंगळीत जवळपास गळ्यापर्यंत भरावी लागायची, आवाज मोठा, नळीच्या तोंडाशी जाळ दिसेल असा भडका, आणि मनगटाला चांगलाच हिसका. दुसरी झपाट्यानं जळणारी. तिची चिमूट पुंगळीच्या तळाशी दिसेल न दिसेल इतकीच. हिसका कमी, डबा दुपटीनं पुरणारा. काकांचा कौल पहिल्या बाजूला होता आणि त्यामागे त्यांचा साधा हिशेब होता. पुंगळी भरलेली दिसली पाहिजे, ते म्हणायचे; कमीजास्त झालं तर डोळ्याला कळतं. एकात दोनदा घातली तर सांडूनच जाईल. तुझ्या त्या दुसरीत काय कळणार, तळाशी तपकीर पडल्यासारखं दिसतं.

मी दुसरीच्या बाजूनं बोललो. त्यांच्या मनगटाचं कारण पुढे केलं, आणि ते खोटं नव्हतं. त्यांचा अंगठ्याच्या बुडाचा सांधा दुखायचा हे मला ठाऊक होतं. पण खरं कारण ते नव्हतं. पुस्तकांतल्या कोष्टकांवरून मी दोन्ही पावडरींचे आलेख काढले होते. झपाट्यानं जळणाऱ्या पावडरीत योग्य मापापासून धोक्याच्या मापापर्यंतचं अंतर अगदी कमी होतं, आणि मापाच्या वर गेलं की दाब चढत नाही, उसळतो. माझ्या धंद्यात अशी औषधं असतात. पुरेशी आणि जास्त यांच्यामध्ये बोटभर जागा असते, आणि त्या जागेत आपण आरामात उभे राहू शकतो याचा मला आयुष्यभर गर्व होता. ती पावडर मला हवी होती कारण ती माझ्यासारख्या माणसाला साजेशी होती. वर काका सुतार आणि मी मोजणारा, हेही एकदा दाखवायचं होतं. शिवाय हलक्या काडतुसांच्या गोळ्या लांबच्या निशाणावर खाली लागतात म्हणून मी माप धरलं तेही कोष्टकाच्या वरच्या टोकाला.

काका शेवटी म्हणाले, "बरं बाबा. भूल देणारा तू, आम्ही नुसते झोपणारे."

ते नवरात्राचे दिवस होते. काकूंच्या घरी खंडेनवमीची पूजा दरवर्षी व्हायची आणि ती त्या मनापासून करायच्या. ज्यावर आपलं पोट भरतं आणि ज्यावर आपला जीव असतो ते सगळं त्या दिवशी पुजायचं. विळी, शिवणयंत्र, काकांची निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेली हाडं ठोकायची हातोडी, मुलीचा जुना लॅपटॉप. मग ताम्हण घेऊन त्या गराजमध्ये यायच्या. रिव्हॉल्व्हर भिंतीतल्या पोलादी कपाटात असायचं. परवाना काकांचा, म्हणून ते काढणार तेच आणि हातात धरणार तेच. काकू लांबूनच अक्षता टाकायच्या आणि म्हणायच्या, हे बाई मला घरात नकोच, पण आहे तर आहे.

त्या वर्षी खंडेनवमीच्या सकाळी मी तराजू शून्यावर आणून ठेवला होता. तो जुन्या पद्धतीचा, बिनविजेचा: एका बाजूला पावडरीचं छोटं पारडं, मध्ये दांडी जिच्यावर तोलली जाते ती धार, दुसऱ्या बाजूला खाचा असलेली लांब दांडी, तिच्यावर सरकवायची वजनं आणि शेवटी टोकदार काटा. काटा खुणेसमोर स्थिर राहिला म्हणजे माप बरोबर. काकूंनी हळदकुंकवात बोट बुडवलं आणि थांबल्या.

"ह्याला कुठे लावू रे? तुझं काही बिघडायला नको."

त्यांनी मला विचारलं होतं. हे मी विसरू शकत नाही. इतर कुठल्याच वस्तूच्या वेळी त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

मी म्हणालो, "पारड्याला नको काकू. दांडीच्या त्या टोकाला लावा, तिथे पावडर जात नाही."

त्यांनी लावलं. ओलं, चांगलं ठसठशीत बोट, आणि त्यावर कुंकवात भिजलेला तांदळाचा दाणा दाबून बसवला. पारड्यावर लावलं असतं तर तराजूनं पावडर तेवढी कमी घेतली असती आणि गोळ्या थोड्या खाली लागल्या असत्या, बस. टोकावर लावल्यामुळे झालं उलटं. दांडीची ती बाजू लांब असते. तिथे ठेवलेल्या तांदळाच्या दाण्याची भरपाई करायला पारड्यात त्याहून बरीच जास्त पावडर लागते. शाळेतल्या मुलाला कळेल इतकं हे सोपं आहे. मला त्या क्षणी फक्त एवढंच सुचलं की पावडरीत कुंकू मिसळायला नको.

पूजा झालेल्या अवजाराला त्या दिवशी हात लावायचा नाही, अशी काकूंच्या घरची रीत. म्हणून काडतुसं भरायला बसलो ते दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला. स्वयंपाकघरातून पुऱ्या तळल्याचा वास येत होता. पारडं रिकामं होतं, वजनं शून्यावर होती, आणि काटा खुणेच्या किंचित खाली बसला होता.

मी ते पाहिलं. काका रीसायकलिंगचा डबा बाहेर ठेवायला गेले होते आणि गराजचं दार अर्धं उघडं होतं. वाऱ्यानं असेल, असं मी मनात म्हटलं. ते परत आले, दार लागलं, तोपर्यंत मी पहिलं माप लावून दिलं होतं. खोक्यात एक छोटं पितळी वजन असतं, केवळ तराजूची परीक्षा घेण्यासाठी. ते पारड्यात ठेवलं की काही सेकंदांत खरंखोटं कळतं. मी खोकं उघडलं नाही. कुंकू पुसायचं मनात आलं होतं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. बहुतेक आलं असावं, आणि सणाच्या दिवशी काकूंना वाईट वाटेल असं म्हणून मी ते सोडून दिलं असावं. पण हेही आता मागून जोडलेलं असू शकतं, मला बरं वाटावं म्हणून.

काका तोलून पुंगळ्यांत पावडर घालत होते, मी विजेरीनं आत बघून वर गोळ्या बसवत होतो. तळाशी तपकीर होती. जास्त आहे की कमी, हे त्यात बघून कळणं शक्यच नव्हतं. काका म्हणत होते तेच.

रविवारी रेंजवर गेलो. हवा थंड होती, काकांनी बोटं उघडी राहतील असे हातमोजे घातले होते. पहिल्या गोळीचा आवाज माझ्या कानावरच्या मफ्समधूनही वेगळा आला, धप्प असा नव्हे, काडकन, लाकूड मोडल्यासारखा. काकांनी माझ्याकडे वळून भुवया उंचावल्या आणि म्हणाले की तुझी चिमूट कडक आहे रे. मी अंगठा वर केला. थांबा म्हणायला हवं होतं. भूल देताना पेशंटचा एखादा आकडा असा वेगळा आला असता तर मी सगळं थांबवलं असतं. दुसऱ्या गोळीला रिव्हॉल्व्हरचं फिरतं चक्र एका घरापाशी फाटलं.

चष्म्यानं त्यांचा डोळा वाचवला. भुवईवर खोल चीर पडली, अंगठा आणि तर्जनीच्या मधली कातडी भाजून उलली. ते ओरडले नाहीत. रिव्हॉल्व्हर नीट खाली ठेवलं, नळीचं तोंड निशाणाकडेच ठेवून, आणि मगच गुडघ्यांवर बसले. मी भुवईवर दाबून धरलेल्या रुमालातून रक्त येत राहिलं. बाकी सगळ्यांनी बंदुका खाली ठेवल्या होत्या आणि त्या खाणीत एकदम इतकी शांतता झाली की लांबच्या मोटरवेवरची घरघर ऐकू येत होती.

कॅज्युअल्टीत टाके घालून झाल्यावर पडदा ओढला गेला आणि आम्ही दोघंच उरलो. काकू वाटेत होत्या. काका छताकडे बघत होते.

"एकात दोनदा टाकली का रे मी?"

असं झालं असेल हे त्यांना स्वतःहून सुचलं होतं. त्या पावडरीत ते सहज होऊ शकतं, हे तेच तर मला सांगत होते. मला त्या क्षणी खरं कारण ठाऊक नव्हतं, हे मी शपथेवर सांगू शकतो. पण खाली बसलेला काटा माझ्या डोळ्यांसमोर आला होता, हेही खरं. मी म्हणालो, "असेल काका. होतं कधीकधी."

क्लबाच्या रेंज ऑफिसरनं सांगितलं की उरलेली काडतुसं उघडून बघायला हवीत. मी म्हटलं, मी बघतो. काकूंकडून किल्ली घेतली आणि सरळ गराजमध्ये गेलो. गोळ्या उपसून काढल्या, प्रत्येकातली पावडर तराजूवर घातली, आणि प्रत्येक माप बरोबर भरलं. काटा खुणेसमोर शांत उभा. मला इतकं हलकं वाटलं की मी बाकावर बसून हसलो. मग कशानं कोण जाणे, मी खोकं उघडलं आणि पितळी वजन पारड्यात ठेवलं. काटा खुणेपाशी आलाच नाही.

कुंकू वाळून खरखरीत झालं होतं. तांदळाचा दाणा तसाच होता. मी तो नखानं काढला तर टिचकन उडून कुठेतरी पडला, आणि मी गुडघ्यांवर बसून तो शोधत राहिलो, जणू तो सापडला नाही तर मी पकडला जाणार होतो. सापडला नाही. मग स्पिरिट, बोळा. पुसल्यावर परत शून्य केलं, पितळी वजन ठेवलं, काटा खुणेसमोर आला. परत एकेक पुंगळीतली पावडर घातली. एकूण एक जास्त होती, सगळी सारखीच जास्त.

म्हणजे कुणी दोनदा टाकली नव्हती. काकांच्या हातांना जे सांगितलं होतं तेच, तेवढंच, त्यांनी दरवेळी न चुकता केलं होतं.

मी रेंज ऑफिसरला फोन केला आणि सांगितलं की उरलेली तराजूवर बरोबर भरली. पहिल्यांदा बरोबरच भरली होती, हे मी स्वतःला तेव्हाही ऐकवलं आणि नंतरही ऐकवत आलो. पुढचा निष्कर्ष त्यांनीच काढला, फार सौम्यपणे. वय झालं की होतं असं. मी हो म्हणालो.

का म्हणालो? पोलिसांची भीती होती, परवान्याची होती. पण त्याहून मोठी भीती लोकांच्या हसण्याची होती. भूलतज्ज्ञाचं माप चुकलं, तराजू शून्य न करता, कुंकू लावलेल्या तराजूवर. हे हॉस्पिटलात कळलं तर थिएटरमध्ये लोक माझ्या सिरिंजकडे बघतील असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही. मीच बघतो. आजही औषध भरल्यावर मी सिरिंज उजेडात धरतो, लेबल वाचतो, खाली ठेवतो, परत उचलतो. ज्युनियर डॉक्टर त्याला माझी काळजीपूर्वक पद्धत म्हणतात आणि शिकाऊ मुलांना तसं करायला सांगतात. मी मान डोलावतो.

पोलीस अधिकारी काकांकडे आला, चहा प्यायला, फार सभ्यपणे बोलला. त्यानं काही मागितलं नव्हतं. काकांनी स्वतःच परवाना परत दिला. माझे हात आता भरवशाचे राहिले नाहीत, असं त्याला इंग्रजीत म्हणाले. मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो.

आधी त्यांनी गाडी सोडली. मग बँकेची कामं. मग काकूंनी गॅस बंद केला असला तरी ते उठून बघायला जायचे, आणि स्वतः बंद केला असला तर काकूंना बघायला पाठवायचे. काकूंनी एकदा स्वयंपाकघरात मला अडवलं आणि हळू आवाजात विचारलं की यांचं डोकं ठीक आहे ना, तू डॉक्टर आहेस, खरं सांग. मी म्हणालो, वय आहे. मेमरी क्लिनिकची तपासणी झाली, सगळं उत्तम निघालं. मी त्यांना तो रिपोर्ट वाचून दाखवला, अगदी उत्साहानं, त्यात माझी सुटका असल्यासारखं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्यांच्या टेस्टमध्ये नाही आलं. माझ्या पुंगळीत आलं."

काकू गेल्या त्या अचानक, एका हिवाळ्यात, फार त्रास न होता. मुलीनं काकांना लंडनच्या उपनगरात, पिनरला आपल्याकडे नेलं. साउथहॅम्प्टनचं घर विकायला काढलं तेव्हा गराज रिकामं करायचं काम तिनं मला सांगितलं, कारण तिथलं काय काय आहे ते मलाच ठाऊक होतं. तराजू तेव्हापासून माझ्याकडे आहे.

या वसंतात तिचा फोन आला. ती इथेच वाढलेली, तिचं मराठी घाईचं आणि प्रेमळ. "अंकल, बाबा किटल पण नाही लावत आता. म्हणते, चुकेल. आणि ना, त्याला होममध्ये जायचंय. तो स्वतः म्हणते." दिवसा ती आणि तिचा नवरा कामावर असतात, काकांचं म्हणणं, मी या घरात एकटा असणं तुमच्या घराला धोका आहे. वृद्धाश्रम बघायला जायचा दिवसही ठरला होता. बाबांना समजावून सांगायला तिला मी हवा होतो. बाबा तुमचं ऐकते, ती म्हणाली.

ट्रेननं वॉटरलूला आलो, तिथून बेकर स्ट्रीट, मग मेट्रोपॉलिटन लाइन. हॅरो गेलं, पिनर आलं तरी मी उठलो नाही. दारं बंद झाली आणि पुढच्या स्टेशनवरून उलटा आलो. बोलायची वाक्यं मी पाठ केली होती. त्यांचा क्रम मी मुद्दाम असा ठेवला होता की सगळ्यांत अवघड वाक्य शेवटी येईल. तीच चूक झाली.

काका मागच्या बागेत बाकावर बसले होते, मांडीवर शाल. भुवईवरची चीर पांढरी पडलेली. मी शेजारी बसलो आणि सांगायला सुरुवात केली. उरलेली काडतुसं मी उघडली होती, ती सगळी सारखीच जास्त भरलेली होती. तराजू चुकीचं दाखवत होता. दांडीच्या टोकावर खंडेनवमीचं कुंकू होतं आणि वर अक्षता.

त्यांनी शाल छातीपर्यंत ओढून घेतली. मग म्हणाले, "म्हणजे मी दोनदा टाकली नव्हती."

"नाही काका."

त्यांनी शालीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि पालथे, उताणे करून पाहिले, ऑपरेशनला जाण्याआधी पाहायचे तसे. मी पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं.

"तिनं लावलं होतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका मऊ झाला की मी थांबलो. "मी सांगायचो तिला, अगं बाई, एक दिवस तू त्याच्यावर पेढापण चिकटवशील. ऐकते कुठे." ते हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "आणि तू इतकी वर्षं तिच्यासाठी गप्प राहिलास."

माझं शेवटचं वाक्य तसंच राहिलं.

"तिला कळलं असतं तर तिनं हाय खाल्ली असती रे. बरं केलंस. पोरीला पण सांगू नकोस, आईच्या हातून झालं असं."

मी म्हणालो, "नाही सांगणार."

थोड्या वेळानं ते उठले, आत गेले, आणि किटलीचं बटण दाबल्याचा आवाज आला. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. त्यांनी तिघांसाठी चहा केला, आलं किसून. तिनं मला मागून मिठीच मारली. पुढच्या आठवड्यात तिचा मेसेज आला की वृद्धाश्रम बघायला जाणं बाबांनी रद्द केलं, आणि तुम्ही नेमकं काय जादू केली अंकल. मी हात जोडलेलं चित्र पाठवलं.

आता ते दर रविवारी फोन करतात. बोलणं चांगलं असतं, थट्टेचं असतं, मला परत भूलवाला म्हणायला लागलेत. अधूनमधून काकूंचा विषय निघतो आणि ते तिची ती चूक सांगतात, कौतुकानं, आपल्या माणसाची एखादी वेडी सवय सांगावी तशी. माझे आभार मानतात. काकांचे हात त्यांना परत मिळाले, आणि त्याची किंमत म्हणून मी त्यांना काकूंची एक चूक दिली, जी काकूंनी केलीच नव्हती. त्यांनी मला विचारलं होतं.

हे मी आधी इथे लिहिलं, कारण लिहिताना समोर कुणी माझ्या गुडघ्यावर हात ठेवत नाही. पण काकांना मी अजून देणं लागतो, ते एवढं आहे: पावडर मी निवडली, कुंकू कुठे लावायचं ते मी सांगितलं, काटा खाली बसलेला मी पाहिला आणि नंतर तराजू मी पुसला. काकूंचं काहीच चुकलं नव्हतं.